‘दुरुस्त झाले’ म्हणजे नेमके काय झाले? : फाइल सिस्टिमच्या तपासणीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. म्हणाले, “सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे ड्राइव्ह आणि डिस्कचं काय काढलंत?” त्यांना आम्ही म्हटले, ऐकायला या, मग ठरवा. कारण हा विषय आमच्याकडे हौसेने आलेला नाही. तो एका नुकसानीतून आलेला आहे. आधी ती हकीकत सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

आपल्या व्याख्यानमालेच्या जुन्या कॅसेट होत्या. बहुतेकींना बुरशी लागलेली. आम्ही तिघा निवृत्तांनी मिळून त्या एकेक करून संगणकावर उतरवल्या, ‘वेव्ह’ या प्रकारच्या फाइली केल्या आणि एका एक्स्टर्नल एसएसडीवर ठेवल्या. काड्यापेटीएवढी वस्तू, आत सगळी व्याख्यानमाला! मग उतरवून झालेल्या, वास मारणाऱ्या कॅसेट आम्ही टाकून दिल्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

काही दिवसांनी ड्राइव्ह लावली की संगणक सांगू लागला, या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करा. पहिल्या वेळी आम्ही ‘नंतर बघू’ म्हणून तसेच नवे रेकॉर्डिंग चढवत राहिलो आणि संध्याकाळी दुरुस्तीचे बटण दाबले. दुरुस्त झाले म्हणाला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा बटण, पुन्हा ‘दुरुस्त झाले’. असे चार वेळा. पाचव्या वेळी मनात शंका आली म्हणून आमच्या सरांचे १९८६ सालचे चार्वाकांवरचे व्याख्यान लावून पाहिले. अडतीस मिनिटे सरांचा आवाज. मग वाक्याच्या मध्येच ‘टक्’ असा बारीक आवाज, आणि पुढे दुसरेच कोणी गृहस्थ कांद्याच्या साठवणुकीवर बोलतायत! (हशा) हसा, आम्हीही प्रथम हसलो. मग लक्षात आले की सरांची उरलेली अठ्ठावीस मिनिटे जगात कुठेच नाहीत.

आता गंमत बघा. फाइलीचे नाव बरोबर, तारीख बरोबर, आकार शेवटच्या बाइटपर्यंत बरोबर. आम्ही पुन्हा तपासणी लावली. निकाल आला, एकही दोष आढळला नाही. आणि यंत्र खोटे बोलत नव्हते. त्याच्या व्याख्येप्रमाणे सगळे ठीकच होते. ती व्याख्या कुठून आली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

सुरुवात साध्या प्रश्नापासून करू. डिस्कवर फाइल नावाची वस्तू नसते. असतात ते नंबर घातलेले सारख्या मापाचे तुकडे. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली व्यापारी डिस्क आणली. पन्नास तबकड्यांचे ते कपाटाएवढे धूड, आणि त्यात सारी मिळून ५० लाख अक्षरे मावत. पण कुठला तुकडा कोणाचा, कुठला मोकळा, कुठल्या क्रमाने जोडायचे, याचे दप्तर वेगळे ठेवावे लागते. त्या दप्तराला फाइल सिस्टिम म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर डिस्क म्हणजे जमीन, आणि फाइल सिस्टिम म्हणजे तलाठ्याचे दप्तर. सातबारा, आठ-अ, गावनकाशा, सगळे त्यात आले.

दप्तर आले की विसंगती आली. १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली. त्यात प्रत्येक फाइलीचा एक नोंदपत्र असे, त्याला आय-नोड म्हणतात. मोकळ्या तुकड्यांची यादी वेगळी, आणि नावांची यादी, म्हणजे डिरेक्टरी, तीही वेगळी. एक फाइल लिहायची तर तिन्ही ठिकाणी नोंद. शिवाय वेग मिळावा म्हणून नोंदी आधी मेमरीत होत आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरत. मधल्या क्षणी यंत्र बंद पडले की एक नोंद झालेली, दुसरी राहिलेली. फेरफार झाला, पण सातबाऱ्यावर चढला नाही, अशी अवस्था. म्हणून यंत्र बंद करण्याआधी ‘सिंक’ ही आज्ञा द्यायची, आणि खात्रीसाठी ती तीनदा टंकायची अशी जुन्या युनिक्सवाल्यांची रीतच होती.

यंत्र कोसळल्यावर तपासणीसाठी तेव्हा ‘आयचेक’ आणि ‘डीचेक’ असे वेगवेगळे प्रोग्राम होते. पहिला तुकड्यांचा हिशोब पाही, दुसरा नावांचा. चूक दाखवीत, पण काय करायचे ते माणसाने ठरवायचे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात टेड कोवाल्स्की यांनी हे सगळे एका प्रोग्रामात आणले. त्याचे नाव एफएससीके, फाइल सिस्टिम चेक. पुढे मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी बर्कलीच्या युनिक्ससाठी तो वाढवला. तो पाच टप्प्यांत चाले. आधी तुकडे आणि आकार, मग नावांचे मार्ग, मग सगळे एकमेकांना जोडलेले आहे का, मग संदर्भांची मोजणी, आणि शेवटी मोकळ्या तुकड्यांचा हिशोब. ज्या फाइलीचे शरीर सापडले पण नाव हरवले, तिला तो ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवी. जत्रेत हरवलेल्या मुलांसाठी मंडप असतो ना, तसा.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम इथे आहे. हा तपासनीस काय तपासतो? तो एका नोंदीची दुसरीशी तुलना करतो. सातबारा आणि आठ-अ जुळतात का ते पाहतो. शेतावर जाऊन प्रत्यक्ष कब्जा कोणाचा आहे हे तो पाहत नाही. त्याला पाहताच येत नाही, कारण फाइलीच्या आत काय असायला हवे होते याची नोंद त्याच्याकडे नाहीच. तत्त्वज्ञानात सत्याविषयी दोन मते शिकवतात. एक मत म्हणते, विधाने एकमेकांशी सुसंगत असली की ती सत्य. दुसरे म्हणते, विधान वस्तुस्थितीशी जुळले तर सत्य. आम्ही हे तीसेक वर्षे फळ्यावर लिहिले. पण पहिल्या मतावरचा आक्षेप खरा समजला तो कांद्याच्या साठवणुकीमुळे. दोन फाइली एकाच जागेवर हक्क सांगत होत्या. दुरुस्ती करणाऱ्याने दोघींना त्या मजकुराची एकेक प्रत दिली. भांडण मिटले, दप्तर सुसंगत झाले. सरांचा आवाज मात्र त्या जागेवरून आधीच पुसला गेला होता.

युनिक्सचे हे झाले. घरगुती संगणकाची कथा जवळपास त्याच काळात सुरू होते. १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनल्ड यांनी ‘फॅट’ नावाची दप्तरपद्धत तयार केली. एकच तक्ता, त्यात प्रत्येक तुकड्यापुढे ‘यानंतर अमुक तुकडा’ एवढेच लिहिलेले. फ्लॉपीसाठी पुरेसे होते. तीच पद्धत डॉसमध्ये आली, आणि तिची तपासणी करणारा चेकडिस्क आला. १९९३ च्या डॉसमध्ये त्याचा धाकटा भाऊ स्कॅनडिस्क आला. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना तो निळा पडदा आठवत असेल. महाराष्ट्रात लोडशेडिंगचे दिवस. कॉलेजच्या कार्यालयात निकालपत्रक चालू, वीज गेली, युपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. वीज आली की संगणक आपण होऊन निळा पडदा दाखवी आणि पट्टी पुढे सरकताना सगळा स्टाफ उभा राहून बघे. पट्टी संपली की “चला, झालं दुरुस्त” म्हणून चहा.

श्रोतेहो, आपली सवय इथे घडली. आणि त्या काळी ती सवय चुकीची नव्हती, बरं का. कारण माहीत होते, वीज गेली. रोग एकदाचा होता, औषध एकदाचे होते. चूक पुढे झाली. कारण माहीत नसताना आणि रोग पुन्हा पुन्हा उलटत असताना आपण तेच औषध चालू ठेवले.

अभियंत्यांनी मात्र पुढचा विचार केला. डिस्क मोठ्या होत गेल्या, आणि सगळे दप्तर चाळायला तासन्‌तास लागू लागले. उपाय त्यांनी बँकांच्या हिशोबाच्या जगातून घेतला. जिम ग्रे यांचा व्यवहाराच्या संकल्पनेवरचा निबंध १९८१ चा. व्यवहार पूर्ण तरी व्हावा नाहीतर झालाच नाही असे तरी असावे, अर्धा राहू नये, हे त्याचे सार. आपल्या पेढ्यांना हे जुनेच. आधी रोजकीर्द लिहायची, मग खतावणी. खतावताना मुनीम उठून गेला तरी रोजकीर्द पाहून काम पुरे करता येते. फाइल सिस्टिमने अशीच रोजकीर्द ठेवली, तिला जर्नल म्हणतात. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आली, १९९४ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस, २००१ मध्ये लिनक्सच्या मुख्य गाभ्यात स्टीफन ट्वीडी यांची ईएक्सटी-३. वीज गेली तरी आता काही सेकंदांत दप्तर जुळू लागले. पण बहुतेक ठिकाणी रोजकीर्द दप्तरातल्या नोंदींचीच असते, फाइलीतल्या मजकुराची नसते. रचना वाचते. मजकूर वाचेलच असे नाही.

आणि आमच्या ड्राइव्हवर तर तीही नव्हती. बाजारातल्या पुष्कळ एक्स्टर्नल ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने तयार होऊन येतात. ही मायक्रोसॉफ्टची २००६ ची पद्धत. विंडोज आणि मॅक दोन्हीवर लिहिता-वाचता येते म्हणून सोयीची. पण तिला जर्नल नाही. म्हणजे बघा, जी वस्तू लोक सगळ्यांत जास्त वेळा तशीच उपसून खिशात टाकतात, तिच्याच दप्तराला रोजकीर्द नाही.

आता जमिनीकडे येऊ, कारण जमीनही बदलली. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली, आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार आला. आजच्या एसएसडी याच प्रकारच्या. हिचा स्वभाव विचित्र. पाटीवर एक अक्षर पुसून दुसरे लिहितो तसे हिच्यावर करता येत नाही. लिहायचे छोट्या पानात, पण पुसायचे तर अनेक पानांचा सबंध गठ्ठा एकदम पुसायचा. आणि प्रत्येक पुसण्याने ती थोडी झिजते. म्हणून ड्राइव्हच्या आत एक छोटा संगणकच बसवतात. तो मजकूर सतत इकडून तिकडे हलवतो आणि कुठल्या नंबराचा तुकडा खरोखर कुठे आहे याचा स्वतःचा तक्ता ठेवतो. म्हणजे दप्तराखाली आणखी एक दप्तर! फाइल सिस्टिमला वाटते आपण गट नंबर १०० वर लिहिले. गट नंबर १०० नावाची जागा जमिनीवर नाहीच, ते केवळ नाव आहे.

हे आतले दप्तर लिहिले जात असताना वीज तुटली तर? २०१३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी १५ एसएसडी घेऊन मुद्दाम वीज तोडत राहण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १५ पैकी १३ ड्राइव्हनी अनपेक्षित दोष दाखवले. कुठे बिट बिघडले, कुठे अर्धवट लेखन, कुठे लेखनाचा क्रमच उलटापालटा, आणि एक ड्राइव्ह साफ मेली. मोठ्या सर्व्हरच्या एसएसडींत असा धक्का सोसायला कपॅसिटर बसवलेले असतात. घरगुती ड्राइव्हमध्ये ते सहसा नसतात.

आणि घरात वीज न जाताही ड्राइव्हची वीज जाऊ शकते. एक्स्टर्नल ड्राइव्ह आणि संगणक यांच्या मध्ये काय काय असते ते मोजा. पोर्ट, कधी हब, मग केबल, मग डबीतली भाषांतर करणारी चिप, मग ड्राइव्हचा छोटा संगणक, आणि मग पेशी. यांपैकी कुठेही क्षणभर तुटले तरी चूक दिसणार ती वर, फाइल सिस्टिमच्या पातळीवर. न्यायशास्त्रातला डोंगरावरचा धूर आठवा. आपण बटण दाबून धूर पांगवत राहिलो.

मग आम्ही काय केले? न्यायशास्त्रानेच सांगितलेले केले, अन्वय आणि व्यतिरेक. एक असताना दुसरे दिसते का, आणि ते नसताना दुसरे नाहीसे होते का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. क्रम सांगतो, कोणाला उपयोगी पडेल.

सर्वांत आधी, दुरुस्ती बंद. जे वाचता येते ते दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्यायचे. ड्राइव्ह फारच अडखळत असेल तर डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रामने सबंध ड्राइव्हची प्रतिमा काढायची आणि प्रयोग त्या प्रतिमेवर करायचे. चेकडिस्कसुद्धा आधी बदल न करता नुसते बघायला सांगता येते. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लेखन, आणि आजारी डिस्कवर लेखन म्हणजे पुरावा पुसणे.

दुसरे, संगणकाची डायरी वाचायची. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर असतो. त्यात ५५ नंबरची नोंद फाइल सिस्टिम बिघडल्याचे सांगते. पण आम्हाला त्याच दिवशी, तिच्या थोडे आधी, १५७ नंबरची नोंद सापडली. तिचा अर्थ, डिस्क अचानक काढली गेली. आम्ही तर हातही लावला नव्हता! दर वेळी हाच क्रम, आधी १५७ आणि मग ५५. आम्ही चार वेळा दुरुस्ती केली, पण ही डायरी एकदाही उघडली नव्हती.

तिसरे, हब काढून ड्राइव्ह थेट पोर्टला लावली. चूक आलीच. पोर्ट बदलले. आलीच. मग केबल बदलली, आणि मोठमोठ्या फाइली दिवसभर चढवल्या. एकही नोंद नाही. इथे थांबायचा मोह होतो. पण व्यतिरेक झाला, अन्वय राहिला. म्हणून कोऱ्या केलेल्या ड्राइव्हला जुनी केबल परत लावली. पाऊण तासात १५७. टोकाशी किंचित वाकलेली केबल, बाहेरून धडधाकट. ड्राइव्हचा दोष नव्हताच.

तुमच्या बाबतीत दोष दुसरीकडे असू शकतो, म्हणून पुढच्या पायऱ्याही सांगून ठेवतो. ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. त्यात अचानक बंद पडण्यांची आणि वाचता न आलेल्या मजकुराची मोजणी सापडते. ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. तिथे ठीक चालली तर पहिल्या संगणकाची मेमरी तपासा, कारण मेमरी खराब असेल तर चुकीचा मजकूरच इमानदारीने लिहिला जातो. आणि ड्राइव्ह फारच स्वस्तात मिळाली असेल तर ती सांगितलेल्या क्षमतेची खरोखर आहे का ते पूर्ण भरून वाचून बघा. खोटी क्षमता छापलेल्या ड्राइव्ह विकल्या जातात. त्या भरत आल्या की जुन्यावर नवे लिहितात, आणि लक्षण अगदी आमच्यासारखेच दिसते.

हे सगळे झाल्यावरही मूळ प्रश्न उरतो. सुसंगती तपासणारा मिळाला, सत्य तपासणारा कोण? याचे उत्तर सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ पासून घडवलेल्या झेडएफएसमध्ये आहे. ती २००५ मध्ये लोकांपुढे आली. तीत प्रत्येक तुकड्याचा एक पडताळा-अंक काढून वेगळ्या जागी ठेवतात आणि वाचताना दर वेळी ताडून बघतात. शेतावर जाऊन मोजणी करण्यासारखे. मजकूर बदलला तर ती गप्प राहत नाही. तरी तिलाही मर्यादा आहे. लिहितानाच चुकीचे दिले तर तिला कळणार नाही, आणि दुसरी प्रत नसेल तर चूक कळली तरी भरून निघणार नाही.

आम्ही घरगुती मार्ग धरला. आता प्रत्येक ध्वनिफाइलीचा पडताळा-अंक काढून त्याची यादी ठेवली आहे. प्रती तीन, वेगवेगळ्या घरांत. दिवाळीच्या सुट्टीत तिघे बसतो, यादी ताडून पाहतो आणि दर खेपेला काही व्याख्याने कानांनी ऐकतो. हे शेवटचे काम कुठलाही प्रोग्राम करत नाही. सरांच्या फाइलीत काय असायला हवे होते हे त्यांचा आवाज ओळखणाऱ्यालाच कळले. आम्ही वर्षभर आधी ऐकले असते तर कॅसेट अजून माळ्यावर होत्या.

जाता जाता एक विनंती. १९८६ साली त्या व्याख्यानाला जे हजर होते, त्यांपैकी काहींनी पुढच्या रांगेत स्वतःचे टेपरेकॉर्डर ठेवलेले आम्हाला आठवतात. कोणाच्या घरी, ट्रंकेत, माळ्यावर ती कॅसेट असेल तर कृपा करून व्याख्यानमालेच्या कार्यालयात आणून द्या. बुरशी लागलेली असली तरी चालेल. स्वच्छ करायला आम्ही शिकलो आहोत. आणि उतरवून झाल्यावर ती आपली आपल्याला परत मिळेल. टाकून देणार नाही.